घरात एकच फोन

मंगळवारी दुपारी समुपदेशन केंद्राच्या मॅडमचा फोन आला. "दादा, असाल तसे या. समोर एक वडील बसलेत. त्यांच्या मुलीचं नाव मी बाहेर फोडलं म्हणतात, आणि मी त्या मुलीला कधी पाहिलेलंही नाही."

मी लातुरात वेबसाइट बनवतो. क्लास, दवाखाने, मंगल कार्यालयं, अडत दुकानं अशी गिऱ्हाइकं. मॅडमची साइट माझीच. नीटच्या तयारीला बाहेरगावाहून आलेली मुलं त्यांच्याकडे येतात, म्हणून परीक्षेची भीती, झोप न लागणं, घरची आठवण अशी वेगवेगळी पानं त्यांनी स्वतः लिहून दिली होती. सोप्या मराठीत, फार मायेनं.

वडील औसा तालुक्यातले, सोयाबीनवाले. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. आवाज चढलेला नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मी सोयाबीनचा भाव बघत होतो," ते म्हणाले. "मधेच ह्यांची जाहिरात. परीक्षेची भीती वाटते का, झोप येत नाही का. एकदा नाय, चार दिवस. मला वाटलं सगळ्यांनाच दिसतंय. शेजाऱ्याच्या फोनवर तीच साइट उघडली, तर त्याला ट्रॅक्टरची जाहिरात. मग घरी विचारलं, तर लेकरू रडायलाच लागलं. माझ्या फोनवर तिचं दुखणं कुणी आणून टाकलं, एवढंच सांगा."

मॅडमनी वही उघडून दाखवली. त्यात तिचं नाव कुठंच नव्हतं. मुलगी सतरा वर्षांची, होस्टेलवर फोन ठेवू देत नाहीत. सुट्टीला घरी आली तेव्हा रात्री वडिलांचा फोन घेऊन तिनं ती पानं वाचली होती. फॉर्म भरला नव्हता, नंबर दिला नव्हता. फक्त वाचलं होतं.

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मला सगळं कळलं होतं, कारण कुणाला जाहिरात दाखवायची ती यादी मीच केली होती. सहा महिन्यांपूर्वी मॅडम म्हणाल्या, मुलांपर्यंत पोचायचंय, थोडी जाहिरात करू. मी एका मोठ्या जाहिरात कंपनीचा कोड प्रत्येक पानावर चिकटवला आणि "जो हे पान बघेल त्याला पुन्हा जाहिरात दाखवा" असं ठरवून दिलं. सगळ्याच गिऱ्हाइकांना करतो तसं. मंगल कार्यालयाला जे चालतं ते इथं चालेल का, हा विचार मनात आलाच नाही.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडलं आणि नेटवर्कच्या रकान्यात पान उघडताना काय काय बाहेर जातं ते दाखवलं. जाहिरात कंपनीकडे निरोप गेला, त्यात पानाचा पूर्ण पत्ता होता आणि पत्त्यात "परीक्षेची-भीती" हे शब्द होते. खाली कुकीजची परवानगी मागणारी इंग्रजी पट्टी होती, तयार टेम्प्लेटबरोबर आलेली. तिला कुणी बोट लावायच्या आधीच निरोप निघून गेला होता. ती पट्टी नुसती शोभेची होती.

कुकी म्हणजे काय, ते विचारू लागले. कुकी मुळात वाईट वस्तू नाही. 1994 मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू माँटुली यांनी ती काढली, कारण साइटला मागचं काही आठवत नसे. एका पानावर वस्तू निवडून पुढच्या पानावर गेलं की सगळं विसरलेलं. म्हणून साइटनं ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वेळी ब्राउझरनं ती परत दाखवायची. अडचण दुसऱ्याच्या चिठ्ठीची. मॅडमच्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड, सोयाबीनच्या भावाच्या साइटवरही त्याच कंपनीची जाहिरात. दोन्हीकडे चिठ्ठीवरचा नंबर तोच. ॲपलच्या सफारी ब्राउझरनं 2020 पासून अशा परक्या चिठ्ठ्या आपणहून पूर्णपणे अडवल्या. त्यांच्या फोनवरच्या ब्राउझरमध्ये त्या चालू होत्या.

"म्हणजे गोणीवर मार्का टाकतात तसं," ते म्हणाले. "गोणी कुठल्याबी आडतीला गेली तरी मार्का ओळखू येतो."

"हो काका. नाव माहीत नसतं. फक्त मार्का."

"पण गोणी माझी हाय ना. आत माल तिचा होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका माणसाचा एक फोन, असं धरूनच ही सगळी व्यवस्था बांधलेली आहे. आमच्याकडे फोन घराचा असतो. सून त्यावर जे वाचते त्याची जाहिरात सासऱ्याला दिसते. पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी ह्याच घरांतून आलोय, मला कळायला हवं होतं.

कायदाही माझ्या बाजूनं नाही. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवायला मनाई करतो. संमतीची सूचना मराठीतून वाचायची सोयही द्यायला सांगतो. मॅडमच्या साइटवर येणाऱ्यांत निम्मी मुलं तरी त्या वयाची असतील.

मी तिथंच बसून कोड काढला, जाहिरात थांबवली, जमवलेली यादी पुसली. मॅडम म्हणाल्या, "जाहिरात नको मला. मुलं एकमेकांना सांगून येतात तेवढी पुरेत."

मग काकांनी फोन पुढं केला. "ह्यातला मार्का काढा."

सेटिंग उघडता उघडता त्यांनी हळूच विचारलं, "तिनं काय काय वाचलं, ते ह्यात दिसतं का?"

दिसलं असतं. कुकीजच्या शेजारीच हिस्टरीची ओळ होती. मी म्हणालो, "दिसतं काका. पण मी बघणार नाही, आणि तुम्हीही बघू नये असं मला वाटतं."

ते बराच वेळ मॅडमनी भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेबी पुसा. सांगायचं तर ती सांगल."

दोन्हीवर खूण केली, पुसलं. सगळीकडून लॉगिन निघेल, पुन्हा पासवर्ड टाकावा लागेल, हेही सांगितलं. फोन हातात घेऊन त्यांनी सवयीनं भावाची साइट उघडली. खालून तीच इंग्रजी पट्टी वर आली, स्वीकाराचं निळं बटण भलं मोठं. त्यांचं बोट अर्ध्यात थांबलं.

"नको म्हणायचं कुठं हाय ह्यात?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. ते तिसऱ्या पानावर होतं.