दहावीचं डोकं, नववीचा हात

"वजा बी, अधिक-वजा, वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, छेदात दोन ए."

वर्गसमीकरणाचं हे सूत्र माझ्या दहावीतल्या एका विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण लिहिता येत नाही म्हणून तो सांगतो आणि दुसरा मुलगा लिहितो. पण कागदावर उतरलं ते असं: वजा बी एकटं बाजूला, आणि दोन ए फक्त वर्गमुळाच्या खाली. पुढचं सगळं गणित कोसळलं. चूक त्याची नव्हती आणि लिहिणाऱ्या पोराचीही नव्हती. वर्गसमीकरणं दहावीत येतात आणि लिहिणारा होता नववीतला. लेखनिक, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते लिहून देणारा, परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता खालचाच हवा, म्हणजे तो आपल्या पदरचं काही घालणार नाही, असा नियम. नियम योग्यच आहे. पण ज्याला गणित कळत नाही त्याच्याकडून ते बरोबर लिहून कसं घ्यायचं, हे कुणी शिकवत नाही.

मी पर्वतीच्या पायथ्याशी एका मराठी शाळेत एकवीस वर्षं गणित शिकवतेय. या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा नाही. बोलणं थोडं ओढत, पण स्वच्छ. उजवा हात मात्र त्याचं ऐकत नाही. पाचवीत प्रवेश घ्यायला आई आली तेव्हाच म्हणाली होती, "बाई, त्याला समदं येतंय हो, निस्तं लिवता येत न्हाई." दहावीपर्यंत तिचं हे वाक्य खरं ठरलं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला तिची एका दिवसाची धुणीभांडी बुडली. शाळेतून मंडळाकडे प्रस्ताव गेला, मंजुरी आली. लेखनिक मिळाला आणि तासाला २० मिनिटं जादा मिळाली. गणिताचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा; म्हणजे याला ४० मिनिटं जास्त.

"मग आमच्या पोरांवर अन्याय नाही का?" हे स्टाफरूममध्ये ऐकलेलं वाक्य. दुसऱ्या एका मुलाचा हात लिहिताना आखडायचा, त्याच्या बाबतीत तर "चाळीस टक्के अपंगत्व नाही ना, मग कसली सवलत?" यावरच विषय संपायचा. प्रत्यक्षात लिहिताना हात आखडणाऱ्या, म्हणजे रायटर्स क्रॅम्प असलेल्या विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ला सांगितलं की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. विद्यार्थ्यांबद्दल बोलायचं तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १७व्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं लिहिलेलं आहे. मला तर 'सवलत' हा शब्दच खटकतो. सवलत दिवाळीत साड्यांवर असते.

तर, डिसेंबरपासून रोज शाळा सुटल्यावर सूत्र सांगणारा तो मुलगा आणि त्याचा लेखनिक, या दोघांना अर्धा तास बसवायला लागले. गणित शिकवायचं नाही, फक्त सांगणं आणि लिहिणं. खुणा पोरांनीच ठरवल्या. वर्गमूळ म्हणजे छत्री. "छत्री उघड, बी वर्ग वजा चार ए सी, छत्री मीट. आता रेघ, पार डावीकडच्या वजापासून. रेघेखाली दोन ए." पंधरा दिवसांत लिखाण सुधारलं. मग तिसरीच गोष्ट लक्षात आली: सांगणारा एक ओळ पुढे जायचा आणि मागे काय लिहिलं गेलंय ते बघायचाच नाही. ज्याच्या हातात पेन असतं त्याची नजर आपोआप मागे फिरते; याला ती सवय कधी लागलीच नव्हती. म्हणून दर तीन ओळींनंतर थांबून वाचायचं, असं ठरलं. जादा मिनिटांतली बरीचशी त्यातच जातात.

पेपरच्या दिवशी केंद्रावर दोघांना प्रयोगशाळेत बसवलं, कारण बोलण्याने बाकीच्यांना त्रास नको. ठीक. पर्यवेक्षक दारात उभे. पहिलंच वर्गसमीकरण आलं आणि हा म्हणाला, "छत्री उघड."

पर्यवेक्षकांनी पेपर थांबवला. ही काय सांकेतिक भाषा आहे, म्हणून. केंद्रसंचालक येईपर्यंत, समजावून सांगेपर्यंत अकरा मिनिटं गेली, ती परत मिळाली नाहीत. उरलेल्या पेपरभर हा बिचारा घाबरून "वर्गमूळ सुरू, वर्गमूळ समाप्त" असं म्हणत राहिला, आणि लिहिणारा गोंधळत राहिला. ३१ गुण मिळाले. आईने पेढे वाटले. मला मात्र सराव परीक्षेतले ३७ आठवत होते.

त्याच वर्गात एक मुलगी होती, जिला कुठलंच प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. घरी कन्नड, वडील बांधकामावर. मराठी ती शाळेत शिकली, उत्तम शिकली. आठवीत घरच्यांनी सेमी-इंग्रजी घेतलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. एकदा भूमितीच्या चाचणीत तिचा एक प्रश्न कोरा. विचारलं तर म्हणाली, "बाई, टॅन्जंट म्हणजे आपली स्पर्शिकाच ना? मग तसं का नाही लिहिलं?" फळ्यावर स्पर्शिका काढून दिली, तिने दोन मिनिटांत सिद्धता लिहिली. नंतर मी मुद्दाम मोजलं. तिला अडवणारे शब्द गणिताचे फारसे नव्हतेच. 'रिस्पेक्टिव्हली', 'हेन्स', 'व्हेअरॅज' असे मधलेच शब्द, जे आपण शिकवतो आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत शिकवते. तिकडे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना परीक्षेत शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक कोश जवळ ठेवू देतात. त्यात व्याख्या नसतात, म्हणजे उत्तर फुटत नाही. ते ऐकून मी माझ्या घटक चाचण्यांसाठी एक पानी यादी केली: कॉर्ड म्हणजे जीवा, अँगल ऑफ एलेव्हेशन म्हणजे उन्नत कोन, आणि खाली ते मधले शब्द. यादी सगळ्यांनाच देते. हुशार म्हणवणारी पोरंही हळूच बघतात. मंडळाच्या परीक्षेत अर्थातच ती चालत नाही, म्हणून जानेवारीत काढून घेते, आणि दरवर्षी काढून घेताना वाईट वाटतं.

एक बोचरी गोष्ट सांगून टाकते. कोथरूडच्या बंगल्यातल्या मुलाला वाचायला-लिहायला जड गेलं तर तिसरीत तपासणी होते, डिस्लेक्सियाचा कागद दहावीच्या आधी फाइलला लागलेला असतो. आमच्याकडच्या मुलाला तोवर 'ढ' म्हणून झालेलं असतं. मीही म्हटलंय, सुरुवातीच्या वर्षांत.

यंदा आणखी एका मुलीला लेखनिक लागणार आहे. मुख्याध्यापकांना सांगून केंद्रसंचालकांच्या नावाने आधीच पत्र तयार केलंय, सोबत खुणांचा कागद शाळेच्या शिक्क्यासह. छत्री पहिल्या क्रमांकावर, चित्रासकट.