टूटू क्र. ३ : तार काढली, टाके ढिले केले

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की तिसरा टूटू, म्हणजे बॅले नर्तकीचा स्कर्ट, दिवाळीआधी तयार होईल. झाला, पण ताटासारखा सपाट राहायचा तो डावीकडे कलला. त्या कलण्यामागचं कारण शोधण्यात दोन रविवार गेले. म्हणून आजची नोंद लांबली आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात : अर्ध्या मापाच्या डमीवर मी बॅलेच्या स्कर्टचे चार टप्पे शिवते आहे. पूर्ण मापाचा टूटू ठेवायला आमच्या घरात जागा नाही आणि तेवढी नेट परवडतही नाही.

पहिला होता १८३२ चा. त्या वर्षी १२ मार्चला पॅरिस ऑपेरात मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’मध्ये नाचली. नृत्य तिच्या वडिलांनी, फिलिपो ताल्योनींनी बसवलेलं. पोटरीपर्यंतचा पांढरा, घंटेसारखा स्कर्ट. त्याच्या आखणीचं श्रेय यूजेन लामीला देतात. ऑपेरात गॅसचे दिवे येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि त्या प्रकाशात हे पातळ पांढरं कापड धुक्यासारखं दिसायचं. त्या काळचं टार्लटन म्हणजे विरळ विणीची, खळ दिलेली मलमलच. मग म्हटलं, खळ आपल्याला काही नवीन नाही, आजीच्या नऊवारीला दिलेली पाहिलीय. पहिल्या हप्त्यात खळ इतकी दाट झाली की स्कर्टचा पापड झाला, घडीवर चक्क तडकला. दुसऱ्यांदा पातळ केली, स्कर्ट दोरीवर उलटा टांगून वाळवला, तेव्हा कुठे घेर नीट फुलला.

उरलेल्या पट्टीवर एक प्रयोग केला. गॅलरीत, स्टीलच्या ताटात, शेजारी पाण्याची बादली ठेवून. (मुलं घरात असताना करू नका.) खळ दिलेल्या मलमलीला काडी लावली. मनात तीन म्हणेपर्यंत पट्टी संपली होती. त्यानंतर एमा लिव्ह्रीची गोष्ट मला निव्वळ माहिती म्हणून वाचता येईना. ती ताल्योनीचीच शिष्या. १८६० मध्ये ताल्योनीने तिच्यासाठी ‘ल पापियों’ बसवलं, त्यात मशालीच्या ज्योतीने पंख जळणारं फुलपाखरू होती तीच. कापड आगीला दाद देऊ नये म्हणून रसायनात बुडवायची सोय तेव्हा आली होती, सरकारी हुकूमही होता. पण त्याने कापड ताठ आणि मळकट व्हायचं, आणि लिव्ह्रीने ते घालायला नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत स्कर्ट चुरगळू नये म्हणून तिने तो झटकून फुलवला आणि गॅसच्या दिव्याने पेट घेतला. आठ महिने तळमळून ती २६ जुलै १८६३ ला गेली, वय २०. स्कर्ट चुरगळू नये म्हणून आपणही हेच करतो, बसायच्या आधी मागचा घेर दोन्ही हातांनी उचलून झटकतो.

दुसरा टूटू पटकन झाला, त्यावर फार लिहीत नाही. १८८५ मध्ये इटलीची व्हर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिने आखूड स्कर्टचा हट्ट धरला. पायांचं काम अवघड होत चाललं होतं, ते दिसायला हवं होतं. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये सलग ३२ फुएते, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, घेतले. त्या हंसांचा स्कर्ट मात्र आज आपल्याला वाटतो तसा आडवा नव्हता. साधारण गुडघ्यापर्यंत उतरणारी फुगीर घंटाच होती. ताटासारखा टूटू विसाव्या शतकातला. मी स्वतःही हे चुकीचंच धरून चालले होते आणि दुसऱ्या टूटूसाठी नेट आखूड कापून बसले होते.

आता तिसरा. ताटटूटू शिवताना पहिली गंमत ही की तो कमरेवर शिवत नाहीत, चड्डीवर शिवतात. (‘टूटू’ शब्दही फ्रेंच बाळबोलीतल्या ढुंगणाच्या शब्दावरून आला असं मानतात, तेव्हा तक्रार नको.) चड्डीवर खडूने आडव्या रेघा मारायच्या, प्रत्येक रेघेवर नेटचा एक थर. सगळ्यात खालचा थर सगळ्यात आखूड, वर जाऊ तसा लांब. खालचे आखूड थर वरच्यांना टेकू देतात. रविवार पेठेत लेहेंग्याखाली लावतात ती कॅनकॅन नेट घेतली. दुकानदाराने विचारलं, ‘लग्न आहे का ताई?’ मी हो म्हटलं, सोपं पडतं.

दहा थर, खालचा दीड सेंटिमीटर, वरचा एकोणीस. खालच्या थरांना नुसत्या चुण्या, वरच्या चारांना इस्त्रीच्या प्लीट. (इस्त्री अगदी मंद, आणि वर सुती कापड, नायलॉन वितळून तव्याला चिकटतं. कसं कळलं ते विचारू नका.) वरून चौथ्या थरात खोळ शिवून पोलादी तारेचं कडं ओवलं. मग थर एकमेकांना ढिल्या टाक्यांनी बांधायचे. हे टाके टीप नव्हेत. सुई सगळ्या थरांतून घालायची, पण दोरा ओढायचा नाही. दोन थरांत बोटाचं पेर मावेल एवढा सैल ठेवायचा आणि गाठ मारायची.

इथेच घोळ झाला. उजवी बाजू सकाळी केली, डावी रात्री अकराला मालिका बघत. डावीकडचे टाके नकळत आवळले गेले. आवळलेला दोरा वरचे थर खाली खेचतो. त्यात तारेची दोन टोकं जिथे एकावर एक आली, ते वजनही डावीकडेच. मी दोन आठवडे तारेला शिव्या घालत होते, खरा दोष दोऱ्याचा होता.

तेव्हा चौथ्या टूटूसाठी जमवलेली कारिन्स्काबद्दलची टिपणं काढली. बार्बरा कारिन्स्का म्हणजे बॅलेचे पोशाख करणारी, मूळची खारकीव्हची. नृत्यदिग्दर्शक बालान्शिनच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी १९५० मध्ये तिने जो टूटू केला त्याला पावडर पफ म्हणतात. त्या नृत्याच्या शेवटी रंगमंच मुलींनी गच्च भरतो. तारेची ताटं एकमेकांवर आपटणार, एका बाजूला धक्का लागला की दुसरी बाजू वर उडणार. कारिन्स्काने तार काढूनच टाकली, थर कमी केले, सहा-सात, आणि टाके सैल ठेवले. चोळीचे काही तुकडे उरेब कापले, म्हणजे श्वास घेताना कापड अंगाबरोबर ताणलं जातं. आपल्याकडे ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागणार नाही.

मग कात्री घेतली. डावीकडचे सगळे टाके कापले, तार ओढून काढली, पुन्हा बांधायला घेतलं. या वेळी प्रत्येक टाक्यात पेन्सिल घालून दोरा बांधते आहे, म्हणजे ढिलेपणा सारखा राहतो. कलणं गेलं. कडा थोडी खाली वळते, पण चारी बाजूंनी सारखी. हा पावडर पफ झाला असं मी म्हणणार नाही, कॅनकॅन त्यासाठी फार कडक आहे. चौथ्याला मऊ नेट लागेल, आणि ती पांढऱ्यात कुणाला कुठे मिळाली असेल तर कळवा; मला सगळीकडे मोतिया रंगच दाखवतात.

तूर्त तिसरा कपाटावर उलटा टांगला आहे, थर खाली लोंबू नयेत म्हणून. डावीकडचे ४६ टाके बाकी आहेत, आणि या वेळी मालिका बंद.