फ्लोराइडच्या रकान्यातील रेघ

आमच्या बोअरचे पाणी ‘पिण्यास योग्य’ असल्याचा शिक्का मारलेला अहवाल मी अजून जपून ठेवला आहे. त्यात फ्लोराइडच्या रकान्यात आकडा नाही. निळ्या शाईची एक आडवी रेघ आहे, आणि तिच्यापायी आमचे सात आठवडे गेले.

पुतणीच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसू लागले, म्हणून दंतवैद्यांनी पाण्यातील फ्लोराइड तपासून घ्यायला सांगितले होते. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना सहज स्वीकारला गेला. अहवालात क्षार, कठीणपणा, नायट्रेट असे सारे आकडे होते, फक्त आम्हाला हवा तोच नव्हता. विचारल्यावर खिडकीवरच्या गृहस्थांनी रसायन संपल्याचे सांगून पुढच्या आठवड्यात बोलावले. पुढच्या आठवड्यात रसायन आले नव्हते, त्यानंतर तपासनीस प्रशिक्षणाला गेले होते, आणि चौथ्या खेपेला नमुना जुना झाल्यामुळे नवा आणा, असे उत्तर मिळाले. जे मोजलेच नाही त्याच्यासह पाणी योग्य कसे ठरवले, या माझ्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही. शेवटी हाच प्रश्न लेखी अर्जात मांडून पोच घेतली, तेव्हा कुठे नऊ दिवसांत आकडा मिळाला: लिटरला २.४ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार ही मर्यादा १ आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते.

म्हणून कळकळीने सांगतो, पहिल्याच दिवशी अर्जात फ्लोराइडचा स्पष्ट उल्लेख करा आणि पोच घ्या. नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या स्वच्छ कॅनमध्ये घ्या. आधी पंप काही मिनिटे चालू ठेवून त्याच पाण्याने कॅन दोन-तीनदा विसळा. बोअरची खोली आणि तारीख कॅनवरच लिहा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, हे सांगायचे राहिले होते.

त्या सात आठवड्यांत वहिनी रोज पाणी उकळून मुलीला देत होती, याचे मला फार वाईट वाटते. उकळल्याने फ्लोराइड जात नाही; पाणी आटते तसे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

खोल बोअरचे पाणी खडकात दीर्घकाळ राहून त्यातील फ्लोराइड विरघळवून घेते, म्हणून आम्ही गावातल्या जुन्या उथळ विहिरीचाही नमुना दिला. तो अहवाल मी खिडकीवरच उघडून वाचला. फ्लोराइडच्या रकान्यात ०.६ लिहिले होते. पिण्याचे पाणी आता तिथूनच आणतो.