आधी वाऱ्यावर, मग वाऱ्याबरोबर: ब्रिटिश व्हर्जिन बेटांत शिडाच्या बोटीवर सात रात्री

चार मोठे, चार मुलं, ४५ फुटी कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट), फेब्रुवारीतल्या सात रात्री. मार्ग कॅरिबियन समुद्रातल्या या बेटांमधून असा: टॉर्टोलावरचं रोड टाउन, नॉर्मन, कूपर, द बाथ्स करून व्हर्जिन गोर्डाचा नॉर्थ साउंड, अनेगाडा (दोन रात्री), जोस्ट व्हॅन डाइक, पीटर, परत रोड टाउन.

मुलांना घेऊन पहिल्यांदा स्वतः बोट चालवायची असेल तर ही जागा आम्हाला सगळ्यात योग्य वाटते. टॉर्टोलाच्या दक्षिणेला नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर अशी बेटांची रांग आहे आणि मधला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल दोन्हीकडून आडोशात आहे. पुढचं बेट बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतं. भरती-ओहोटीतला फरक फुटाच्या आसपास, त्यामुळे कोकणात होडी लावताना भरतीची जी वेळ सांभाळावी लागते ती इथे डोक्यात ठेवावी लागत नाही. हवामान, वेळ आणि मुरिंगची, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बोट बांधण्याची, जागा मात्र सांभाळावी लागते.

डिसेंबर ते एप्रिल पूर्व-ईशान्येचा व्यापारी वारा १५ ते २० नॉटने (ताशी सागरी मैल) वाहतो. नाताळच्या सुमारास तो २५ पर्यंतही चढतो. म्हणून पूर्वेकडे जाणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणं. अनेक गट पहिल्याच दिवशी सोपं म्हणून पश्चिमेला जोस्ट व्हॅन डाइककडे उतरतात आणि उरलेला आठवडा लाटांवर आपटत परततात. मुलांची पोटं बिघडतात ती तेव्हा. त्यापेक्षा पहिल्या तीन दिवसांत पूर्वेकडचं अंतर पाच-सात सागरी मैलांच्या तुकड्यांत कापा आणि लांबचा पल्ला वाऱ्याबरोबर येताना ठेवा. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. ६ सप्टेंबर २०१७ ला अर्मा चक्रीवादळाने इथल्या शेकडो बोटी फोडल्या होत्या. ऑगस्ट-सप्टेंबरात भाडं उतरतं, पण मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नये.

पोहोचायला दोन वाटा. टॉर्टोलाला जोडलेल्या बीफ आयलंडवरचा छोटा विमानतळ, किंवा सेंट थॉमसला उतरून फेरी. सेंट थॉमस हा अमेरिकेचा प्रदेश आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना त्या वाटेने अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि परतीलाही तिथूनच यायचं म्हणून तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. भारतातून खाण्याचे पदार्थ नेत असाल तर तिथल्या कस्टम्सपुढे सगळं जाहीर करा. तांदूळ, डाळी टॉर्टोलालाच घ्या. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बंद पाकिटांत असू द्या. सामान मऊ पिशव्यांत भरा, कडक सूटकेस ठेवायला बोटीवर जागा नसते.

बोट भाड्याने देणारे कागदी परवान्यापेक्षा अनुभवाचा तपशील मागतात: किती फुटी बोट, कुठे, किती दिवस. तो अपुरा वाटला तर ते पहिले एक-दोन दिवस कप्तान सोबत देतात. त्यात कमीपणा मानू नका. मुरिंग पकडणं, नांगर टाकणं, शीड कमी करणं या तीन गोष्टी त्याच्याकडून करून घेण्याऐवजी त्याच्यासमोर स्वतः करा. भारतात शिकलेल्यांनी एक उलटापालट लक्षात ठेवायची: आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला असतो, इथे अमेरिकी पद्धत आहे आणि लाल उजव्या हाताला ठेवायचा.

बोट ताब्यात घेताना दोन-तीन तास द्या. मुलांसाठी कठड्याला जाळी आधीच सांगून बांधून घ्या. लहान मापाची लाइफ जॅकेटं आणि स्नॉर्कलचे मास्क घरूनच आणलेले बरे, तिथली मापं नीट बसतीलच असं नाही. बोटीवरची वीज ११० व्होल्टची, त्यामुळे भारतातला मिक्सर चालत नाही. प्रेशर कुकर मात्र जरूर न्या: गॅस वाचतो, केबिन तापत नाही आणि बोट हलली तरी झाकण बंद असल्याने सांडत नाही. गॅसचा झडप-स्विच स्वयंपाक झाला की दर वेळी बंद करायचा, आणि हे काम एकाच माणसाकडे ठेवायचं.

पाण्याचा हिशोब पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगा. टाक्या साधारण ७८० लिटरच्या. आठ माणसं, सात दिवस, म्हणजे माणशी रोज १४ लिटर, त्यातच भांडी आणि आंघोळ. समुद्रात डुंबून मागच्या पायरीवर मिनिटभर गोडं पाणी घेतलं की भागतं. शौचालयात कागद टाकायचा नाही, तो वेगळ्या पिशवीत. मैल्याच्या टाकीची झडप खाडीत बंद आणि खुल्या समुद्रात उघडी. ती उघडायची राहिली की टाकी भरते आणि हवेच्या नळीतून बाहेर येते, म्हणून निघतानाच्या यादीत हे लिहून ठेवा.

पहिला पल्ला नॉर्मनच्या बाइट खाडीपर्यंत, सहा मैल (पुढेही मैल म्हणजे सागरी मैलच). इथे रात्री मुरिंगवर राहायचं. भाडं बोयाप्रमाणे ३० ते ५५ डॉलर पडतं, आणि काही बोये त्याच दिवशी सकाळी सात वाजता फोनवरून राखता येतात. हंगामात दुपारी दोननंतर येणाऱ्याला बोया मिळेलच असं नाही. आठ वाजता निघून एकच्या आत बांधून मोकळं होणं हीच इथली शिस्त.

बोया पकडताना वाऱ्याच्या तोंडावर, दोन्ही इंजिनं अगदी हळू ठेवून जायचं. पुढे हुक घेऊन उभा असलेला माणूस हाताने दिशा दाखवतो, ओरडत नाही, कारण इंजिनाच्या आवाजात सुकाण्यावर काही ऐकू येत नाही. बोयाच्या दोराला टोकाशी कडी असते. डाव्या क्लीटवरून (दोर अडकवायच्या खुंटीवरून) निघालेला दोर कडीतून ओवून पुन्हा डाव्याच क्लीटवर, उजवीकडचा दुसरा दोर तसाच उजव्यावर. एकच दोर डावीकडून कडीतून उजवीकडे नेऊ नका. बोट रात्रभर डोलते, दोर कडीत करवतीसारखा पुढेमागे घासतो आणि पहाटेपर्यंत तुटू शकतो. बांधून झाल्यावर मास्क लावून एकाने पाण्यात उतरायचं आणि बोयाखालची साखळी आणि तिचा जोड (शॅकल) बघायचे.

नांगर टाकावा लागला तर पाण्याची खोली अधिक नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची, या बेरजेच्या पाचपट साखळी. पाच मीटर पाणी आणि दीड मीटर नाळ म्हणजे साडेबत्तीस मीटर. वाळूचा फिकट पट्टा बघून टाका. गडद दिसतं ते समुद्रगवत किंवा प्रवाळ असतं, तिथे नांगर धरत नाही आणि प्रवाळ मरतं ते वेगळंच. बोट मागे घेण्याआधी डिंगीचा (मागे बांधलेल्या छोट्या होडीचा) दोर आखूड केला का, हे दर वेळी मोठ्याने विचारायचं. तो इंजिनाच्या पंख्यात अडकला की सुट्टीचा अर्धा दिवस जातो.

दुसऱ्या दिवशी नॉर्मनजवळचे इंडियन्स हे पाण्यातून वर आलेले चार सुळके. तिथे नऊच्या आत पोहोचा. राष्ट्रीय उद्यानाचे बोये दिवसाचेच आणि सहसा दीड तासाचे. त्यांचा परवाना बोट घेतानाच काढून घ्यावा. मग कूपरची मँचिओनील खाडी, सात मैल वाऱ्याच्या तोंडावर. खाडीचं नाव एका विषारी झाडावरून आलं आहे. त्याची हिरवी, सफरचंदासारखी फळं आणि चीक दोन्ही घातक, पावसात त्याच्याखाली उभंही राहू नये. किनाऱ्यावरचं कोणतंही फळ उचलायचं नाही, हे मुलांना उतरण्याआधी सांगा. वाटेत सॉल्ट बेटाशी २९ ऑक्टोबर १८६७ च्या चक्रीवादळात बुडालेलं ऱ्होन हे टपाल-जहाज आहे. उथळ भागातलं मागचं टोक स्नॉर्कल करतानाही दिसतं.

पुढे व्हर्जिन गोर्डावरच्या द बाथ्सला डिंगी किनाऱ्याला लावता येत नाही. पोहण्याच्या हद्दीबाहेर तरंगता दोर आहे, त्याला बांधून पोहत जायचं, म्हणून पैसे आणि चपला जलरोधक पिशवीत. घरांएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळांखालून डेव्हिल्स बेला जाणारी वाट शिड्या-दोरांची आहे; सहा वर्षांवरची मुलं मदतीने जातात. किनाऱ्यावर लाल निशाण असेल तर उतरूच नका. हिवाळ्यात उत्तरेकडून लांब उसळी येते आणि हवा छान असतानाही लाट शिळांवर फेकते.

अनेगाडा आमच्या मते या सहलीचा गाभा. बाकीची बेटं ज्वालामुखीच्या डोंगरांची, हे प्रवाळाचं आणि सपाट, सर्वात उंच जागा नऊ मीटरहूनही कमी. नॉर्थ साउंडहून १३ मैल, पण शेवटच्या तीन-चार मैलांपर्यंत बेट दिसत नाही, दिसतात आधी झाडांचे शेंडे. साडेआठला निघा, म्हणजे प्रवाळाच्या वाटेत शिरताना ऊन डोक्यावर असेल आणि तळाचे रंग कळतील. प्रवाह पश्चिमेला ओढतो, तेव्हा जीपीएसवर आपण रेषेवर आहोत का ते पाहत राहा. बोयांची वाट सोडू नका. कॅटामरानचा दीड मीटर भाग पाण्याखाली असतो आणि आत त्याखाली फारसं पाणी उरत नाही. आग्नेयेकडच्या हॉर्सशू रीफवर नांगर टाकायला मनाई आहे.

निघताना मोठं शीड चढवाल तेव्हा बोट वाऱ्याच्या अगदी तोंडावर हवी. पाच अंश जरी वळली तरी शीड ताठ ठेवणारी पट्टी बाजूच्या दोऱ्यांत अडकते. विजेची विंच (दोर ओढायचं यंत्र) बटण दाबलं की ओढतच राहते, म्हणून एकाने मान वर करून फक्त पट्ट्या पाहायच्या आणि अडकली की लगेच थांबवायचं. नाहीतर शीड फाटतं. विंचवर दोर असताना मुलं जवळ नकोत. वारा १८ नॉटला पोहोचला की शिडाची पहिली घडी घालून ते लहान करा. आधीच घातली तर जेवणाचं ताट टेबलावर राहतं.

मळमळीची गोळी डॉक्टरांना, विशेषतः मुलांच्या मात्रेसाठी, विचारून आदल्या रात्री सुरू करायची. उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. आलेपाक आणि कोरड्या लाह्या हाताशी ठेवा, मुलाला खाली केबिनमध्ये न निजवता सुकाण्यापाशी क्षितिज बघत बसवा.

अनेगाडाहून जोस्ट व्हॅन डाइक सुमारे २८ मैल, वारा मागून. शीड अचानक पलटू नये म्हणून बूम (शिडाखालचा आडवा दांडा) दोराने एका बाजूला बांधून ठेवा आणि बूमच्या वाटेत कोणाला उभं करू नका. पुढे पीटरला येताना समोर दिसणारं सेंट जॉन अमेरिकेत आहे. इमिग्रेशन केल्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही.

शेवटची रात्र पीटरच्या ग्रेट हार्बरला ठेवा. तिथून रोड टाउन चार-पाच मैलांवर आहे. बोट सहसा दुपारी बाराच्या आत द्यायची असते आणि डिझेलच्या धक्क्यावर दहानंतर रांग लागते. साडेआठला तिथे पोहोचलात तर टाकी भरून, मुलांना उरलेल्या भाजणीची थालीपिठं खाऊ घालूनही वेळ उरतो.