आधी नाक सरळ, मग विमान

दिवाळीला उदगीरला गेलं की कोणीतरी विचारतंच, बीएस्सी एव्हिएशन झालं ना गं तुझं, मग आता कुठलं विमान चालवायलीस? आणि मी दरवेळी तेच सांगते, डिग्री युनिव्हर्सिटी देते, लायसन्स डीजीसीए, म्हणजे सरकारचं विमान वाहतूक खातं, देतं, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. खरं सांगायचं तर अ‍ॅडमिशन घेताना हे मलाही नीट माहीत नव्हतं. तीन वर्षं कॉलेज केलं की शेवटी हातात सीपीएल, म्हणजे कमर्शियल लायसन्स, अशी माझी आणि पप्पांची साधी समजूत. कॉलेजात थिअरी झाली, ती पुढे कामाला आली, पण डीजीसीएच्या परीक्षा वेगळ्या, २०० तास फ्लाइंग वेगळं आणि त्याचे पैसे तर अगदीच वेगळे. लोनसाठी पप्पांनी प्लॉट तारण ठेवला आणि फ्लाइंग अकॅडमीचा पहिला हप्ता भरला.

इथेच आमचं पहिलं चुकलं. हप्ता आधी भरला आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारी मोठी तपासणी, नंतर. त्याच्या आधीचं प्राथमिक क्लास टू शहरातल्या साध्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे होतं, ते अर्ध्या दिवसात झालं, मग क्लास वनला बंगळुरूला एअरफोर्सच्या सेंटरला गेले. डोळे बघितले, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून घेतले, कान, ईसीजी, रक्त, सगळं ओके, आणि नाकाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितला आणि नुसतं हं म्हणाले. नाकाचं आतलं हाड वाकडं. शेरा काय, तर टेम्पररी अनफिट. आमच्या आजोबांचं नाक तसंच, पप्पांचं तसंच, आख्खं घराणं त्याच नाकाने श्वास घेत आलंय, कोणाचं काही अडलं नाही, माझं अडलं. ऑपरेशन केलं, जखम भरायची वाट बघितली, परत रिव्ह्यूला गेले, ह्यात चार महिने गेले. तोवर हॉस्टेलचं भाडं चालूच. म्हणून कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते, बाबा रे, एक रुपया भरायच्या आधी क्लास वन करून घे.

त्या चार महिन्यांत एक बरं झालं, पेपर काढले. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स आणि दोन टेक्निकल. पासिंग ७० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण ७० म्हणजे ७०, ६९ आले की पुढच्या सेशनला या. मला नेव्हिगेशन आवडलं. त्यात एक साठास एकचा नियम आहे, ६० मैल गेल्यावर तुम्ही रेषेपासून एक मैल बाजूला असाल तर तुमची दिशा एक अंशाने चुकलेली असते. पप्पांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, म्हणजे दुकानाच्या हिशोबासारखंच की, सुरुवातीला थोडं चुकलं की दिवाळीपर्यंत केवढं होतं बघ.

खरी वाट लागली ती आरटीआरला. रेडिओवर बोलण्याची परीक्षा, आणि तेव्हा ती डीजीसीए नाही तर दूरसंचार खातं घ्यायचं. मी दहावीपर्यंत मराठी मिडियमची. इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण हेडफोन लावून समोर परीक्षक बसलेत आणि कागदावरच्या विमानाचं इंजिन बंद पडलंय हे घाबरल्यासारखं न वाटता ठरलेल्या क्रमाने सांगायचं, हे जमेना. पहिल्यांदा नापास झाले. तीनदा मेडे, म्हणजे संकटाची हाक, म्हटलं, कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, सांगितला, काय झालंय ते सांगितलं आणि आपण आहोत कुठे तेच सांगायचं विसरले. परीक्षक शांतपणे म्हणाले, मग तुम्हाला शोधायचं कुठे?

मग घरी प्रॅक्टिस. भाऊ टॉवर, म्हणजे विमानतळावरचा कंट्रोलर, व्हायचा, मी विमान. रेडिओवर नऊला नायनर म्हणायचं, तीनला ट्री, हे त्याला माझ्यापेक्षा लवकर पाठ झालं. एकदा गच्चीवर मी जोरात मेडे मेडे मेडे केलं तर आई खालून ओरडली, काय झालं गं, कुणाला बोंबलायलीस? भावाने तिथल्या तिथे परवानगी दिली, क्लिअर्ड टू लँड, पण आधी दूध घेऊन ये. दुसऱ्या वेळी पास झाले. पोझिशन दोनदा सांगितली.

अकॅडमीबद्दल फार लिहीत नाही. अ‍ॅडमिशनच्या वेळी सहा विमानं रांगेत दाखवली होती, त्यातल्या एकाला पुढे पंखाच नव्हता हे मी नंतर नीट बघितलं. उडणारी तीन आणि पोरं चाळीस. पावसाळ्यात ढग खाली आले की फ्लाइंग बंद, मे महिन्यात दुपारी हवा इतकी तापते की पातळ हवेत छोटं विमान वर चढायलाच कुरकुरतं, खालून हिसके बसतात ते वेगळेच, म्हणून पहाटे लवकर नंबर लागावा यासाठी मारामारी. एका वर्षात होईल म्हणाले होते, माझे २०० तास व्हायला पावणेदोन वर्षं लागली.

पण पहाटेचा तो वेळ मला आवडायचा. विमानाच्या विंगखालून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढायचं आणि आकाशासमोर धरून बघायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं, पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाला वेगळं दिसतं. माझ्या कपात एकदाच खाली मण्यासारखा थेंब दिसला. परत काढलं, परत काढलं, स्वच्छ येईपर्यंत काढत बसले, आणि मागचा मुलगा वैतागून म्हणाला, आख्खी टाकी रिकामी करते का?

पहिल्या सोलोला, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडवायच्या वेळी, सरांनी आधी तीन लँडिंग करून घेतली, काही बोलले नाहीत, मग रनवेच्या बाजूला थांबवलं, हेडफोन काढला, शेजारचा रिकामा पट्टा नीट बांधला आणि म्हणाले, एक चक्कर मारून ये. आणि उतरून चालायला लागले. दोन सीटचं सेसना, त्यातून एवढा मोठा माणूस उतरल्यावर ते असं भसकन वर गेलं की वळायच्या जागेच्या आधीच मी उंचीवर. भीती वाटली का, तर वर असताना नाही वाटली, रिकाम्या सीटकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. फायनलला, म्हणजे उतरायला रनवेच्या सरळ रेषेत आल्यावर, टॉवरशी बोलले तो आवाज माझाच होता आणि एकदाही अडखळला नाही, ह्याचंच मला जास्त नवल वाटलं. खाली आल्यावर पोरांनी बादल्या ओतल्या, त्यातली एक चिखलाची होती.

मग ३०० नॉटिकल मैलांची क्रॉसकंट्री, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. मग नाइट फ्लाइंग, चेक, कागदपत्रं, आणि एकदाचं लायसन्स आलं. पप्पांनी लॅमिनेट करायला नेलं होतं, मी दुकानातून परत आणलं.

एअरलाइनसाठी एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग, करायचं तर परत काही लाख, प्लॉट अजून सुटलेला नाही, म्हणून सध्या असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं ट्रेनिंग घेतेय. उजव्या सीटवर बसायचं. इतकी वर्षं डावा हात कंट्रोलवर आणि उजवा थ्रॉटलवर, आता सगळं उलटं, वर तोंडाने समजावत पण राहायचं. परवा उजवीकडून पहिलं लँडिंग केलं, रनवेच्या मधल्या रेषेच्या चांगलं डावीकडे टेकवलं. सर म्हणाले, आता विद्यार्थ्याला काय सांगशील? मी म्हटलं, सर, आधी मला सांगा.