चिकटवलेल्या पाकिटावरची सही

चवथीची सुट्टी संपली की आमच्याकडे शिफारसपत्रांचा मोसम सुरू होतो. फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात मी गेली १९ वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. परदेशी जाऊ पाहणारी मुले दर वर्षी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात आणि त्यांतील निम्म्यांच्या हातात पत्राचा मजकूर आधीच टाइप केलेला असतो. "सर, हांगा फकत तुमची सही जाय," असे यंदा एका मुलीने मला सांगितले. (पुढचे सगळे तिला विचारूनच लिहितो आहे.) मजकूर एजंटाने दिलेला होता. त्यात मी तिच्या नेतृत्वगुणांनी भारावून गेलो होतो आणि माझ्या सर्व विद्यार्थ्यांच्या पहिल्या पाच टक्क्यांत तिला बसवत होतो. त्याच मुलीने अमेरिकेतील विद्यापीठाच्या अर्जात, हे पत्र पाहण्याचा आपला हक्क सोडत असल्याच्या ओळीपुढे खूण केली होती. जे पत्र तिने स्वतःच आणले, ते पाहणार नाही असे तिने लिहून दिले होते!

ही ओळ 'फेर्पा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७४ सालच्या अमेरिकी कायद्यातून आली आहे. संस्थेने आपल्याविषयी जपून ठेवलेली कागदपत्रे पाहण्याचा हक्क त्या कायद्याने विद्यार्थ्याला दिला आणि शिफारसपत्रांपुरता तो लेखी सोडून देण्याची मुभाही ठेवली. मात्र हक्क सोडणे ऐच्छिक असावे लागते; प्रवेशाची अट म्हणून ते मागता येत नाही, पत्रे कोणी लिहिली ती नावे विद्यार्थ्याने विचारल्यास सांगावी लागतात आणि ज्या कामासाठी पत्रे मागवली त्याच कामासाठी ती वापरावी लागतात. गंमत अशी की, हक्क न सोडणाऱ्यालाही पत्र पाहता येते ते त्या संस्थेत शिकू लागल्यावरच. ज्याला प्रवेश नाकारला गेला, त्याला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे पत्रातील एखाद्या वाक्याने ज्याचे नुकसान झाले असेल, नेमका तोच बाहेर राहतो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या माहिती-संरक्षण कायद्याखाली, पत्र ज्या संस्थेकडे पोहोचले तिच्याकडे ते मागण्याची वाट तरी होती. २०१८ च्या कायद्याने तीही बंद केली.

आपल्याकडे उत्तरपत्रिकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, विद्यार्थ्याला माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल, पण ती कोणी तपासली हे उघड करायचे नाही, असा निकाल दिला. शिफारसपत्रात हे अगदी उलट असते, नाव उघड आणि मजकूर झाकलेला. माझे नाव झाकून भागणार नाही, कारण या मुलीला मी तीन वर्षे प्रयोगशाळेत पाहिले, यातच त्या पत्राचे सगळे वजन आहे.

मजकूर झाकलेला असावा असे मलाही वाटते, पण त्या मताला एक डाग आहे. विद्यापीठांचे ऑनलाइन पोर्टल येण्यापूर्वी पत्र पाकिटात घालून चिकटवायचे, झाकणाच्या फटीवर आडवी सही करायची, तिच्यावर महाविद्यालयाचा गोल शिक्का मारायचा आणि वरून सेलोटेप लावायची, अशी पद्धत होती. एका मुलाविषयी मी लिहिले होते की तो हुशार आहे, पण आठवण करून दिल्याशिवाय हातातले काम पुरे करत नाही. पाकीट नीट बंद केले, परंतु स्थळप्रत कार्यालयातील बॉक्स फाइलमध्ये राहिली, आणि गोव्यात कोणत्याही फाइलीला एखादा शेजारी किंवा नातेवाईक भेटतोच. आठवड्याभरात त्या मुलाचे वडील आले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "सर, तुम्हांला हे दिसत होते, तर तीन वर्षांत त्याला कधी सांगितले का नाही?" पत्र गोपनीय असते, असे मी म्हणालो. त्यांच्या प्रश्नाशी या उत्तराचा काही संबंध नाही, हे मला बोलता बोलताच कळले.

तेव्हापासून पत्र लिहिण्याआधी मी विद्यार्थ्याला समोर बसवतो आणि त्याच्यातील जमेच्या बाजूंबरोबर उणेही तोंडावर सांगतो. उणेच अधिक असेल तर पत्र दुसऱ्या कोणाकडून घे, असे सांगतो. मजकूर मात्र दाखवत नाही. विद्यार्थी वाचणार हे माहीत असले की लेखणी गोड होते, हे एक कारण. दुसरे, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही, ते असे की 'या वर्गात हिच्याहून दोघे सरस आहेत' असे लिहिले की ते पत्र त्या दोघांविषयीचेही होते, आणि ते वाचण्याचा हक्क या मुलीकडे कसा असेल?

एजंटाचा कागद मी तिला परत केला. तिच्या टायट्रेशनच्या वहीत एक चुकलेले वाचन तिने खोडले नव्हते, ते का चुकले हे समासात लिहून ठेवले होते. ती गोष्ट मी लिहिणार आहे, असे सांगितले. सेमिनारमध्ये ती तोंड उघडत नाही, हेही सांगितले. "तेही लिहिणार?" तिने विचारले. लिहिणार, असे म्हटल्यावर ती थोडा वेळ समोरच्या रजिस्टरकडे पाहत राहिली. मग अर्जातली ती खूण नेमकी कशाची, हे मी तिला समजावून दिले आणि ठेवायची की काढायची हे तुझे तू ठरव, असे सांगितले.

बुधवारी पोर्टलचा दुवा आला. खूण तिने तशीच ठेवली होती. पत्राखेरीज, विद्यार्थिनी पहिल्या किती टक्क्यांत बसते, हा रकानाही भरायचा होता. पाच आणि दहा ओलांडून मी पंचवीसवर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर, ब्युरेटी धुऊन होईपर्यंत थांबून, तिला तो आकडाही सांगितला.