गाडीवरून पडलात का?

एसटी स्टँड असो, बँक असो की लग्नाचा मांडव, माझी व्हीलचेअर दिसली की दुसरं-तिसरं वाक्य ठरलेलं असतं. "गाडीवरून पडलात का?" मी म्हणतो, "नाही, आंब्यावरून." मग समोरचा जरा गप्प होतो आणि विचारतो, "झाडावरून पडून एवढं होतं? असे कितीसे लोक असतील?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

२०११ च्या मे महिन्याची अखेर होती. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून उरलेली कलमं उतरवत होतो. उंची बारा-तेरा फूट, पडवीच्या कौलांपेक्षा थोडी जास्त. फांदी मोडली नाही, पाय घसरला. खालच्या कातळावर बसल्यासारखा आपटलो. पाठ दुखली असणारच, पण मला आठवतं ते वेगळंच. आंब्यावरच्या लाल मुंग्या, आमच्याकडची ओंबील, माझ्या पोटरीवर चढत होत्या. ओंबील चावली की माणूस थयथय नाचतो. मी नुसता बघत होतो. पाय माझाच होता आणि मला काहीच कळत नव्हतं.

छातीचा बारावा मणका चेपला होता. डॉक्टर त्याला डी-१२ म्हणतात. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी हातातल्या पेनने माझ्या बरगड्या मोजत समजावलं. छातीचे मणके बरगड्यांनी बांधलेले, म्हणून ताठ. कंबरेचे मोकळे, वाकणारे. बसून आपटलं की खालून आलेला जोर हे दोन भाग जिथे जुळतात तिथेच फुटतो, म्हणून उंचावरून पडलेल्यांचे डी-१२ आणि त्याखालचा एल-१, म्हणजे कंबरेचा पहिला, हे मणकेच जास्त जातात. आतला मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारी दोरी, करंगळीएवढा जाड. हाड जुळतं, तो सहसा जुळत नाही. इजा मानेत झाली तर हातही जातात.

पुनर्वसनाच्या वॉर्डात गेलो तेव्हा मलाही वाटलं होतं की सगळे मोटरसायकलवाले असतील. ते होतेच. पण एक जण स्लॅबच्या सेंट्रिंगवरून पडलेला, एक विहिरीचा गाळ काढताना. एक मुलगा उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेला, गच्चीला कठडा नव्हता. एका मावशींच्या डोक्यावरचा भारा पाय अडखळताच मानेवर आला होता. आणि एक कॉलेजची मुलगी, जी कुठूनही पडलीच नव्हती. तिच्या मणक्याला टीबी होता. वर्षभर पाठ दुखत होती, घरचे बाम चोळत राहिले आणि एका सकाळी पाय उचलेनात. तिचं मला आजही फार वाईट वाटतं, कारण मणक्याचा टीबी वेळेवर कळला तर गोळ्यांनी बरा होतो.

आकडा विचारता म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दीड कोटींहून जास्त लोक मज्जारज्जूची इजा घेऊन जगत आहेत. त्यात पुरुष जास्त. अमेरिकेत वाहनांचे अपघात पहिल्या क्रमांकावर, पडणं दुसऱ्या, मग गोळीबारासारखी हिंसा. आपल्याकडे मात्र अनेक रुग्णालयांच्या नोंदींत उंचावरून पडणंच पहिलं येतं. झाड, गच्ची, शिडी, परांची. माडावर चढणारा पाडेली, पावसाआधी कौलं परतणारा गडी, दहीहंडीच्या वरच्या थरातलं पोर, उथळ पाण्यात सूर मारणारा तरुण, हे सगळे त्यात येतात. पण रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. झाडावरून पडलेल्याची वाडीबाहेर कुणाला खबर नसते, आणि म्हणून झाडावर चढताना कमरेला दोर बांधायचं कुणाच्या मनातही येत नाही. मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

मला उचललं ते चौघांनी. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, मध्ये माझं शरीर झोळीसारखं लोंबलं. तसंच रिक्षात बसवलं. बसवलं! मणका मोडलेल्या माणसाला. त्यांचा जीव कासावीस झाला होता, माझ्या प्रेमापोटीच ते धावत होते. पण मोडलेला मणका असा वाकला की धारदार हाड आतल्या रज्जूत आणखी घुसू शकतं. पडलेला माणूस पाय हलत नाहीत किंवा मान-पाठ दुखते म्हणाला, तर त्याला हलवू नका. १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल तर एकाने डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची, बाकीच्यांनी त्याच्या इशाऱ्यावर अख्खं शरीर ओंडक्यासारखं एकदम वळवायचं, खाली फळी सरकवायची. घराचं दार काढलं तरी चालतं.

त्या चौघांत बाळकाका होते. त्यांनी माझे पाय धरले होते. गाडीवरून पडलास का, असं त्यांनी अर्थातच कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न दुसरा होता आणि तो विचारायला त्यांना सहा वर्षं लागली. "उचलताना आमच्याकडून काय झालं का रे?" मी डॉक्टरांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, पडतानाच किती गेलं आणि नंतर किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मी काकांना तेच सांगितलं. खोटं सांगून त्यांना बरं वाटलं नसतं.

आता दरवर्षी कलमं उतरवायच्या आधी आम्ही वाडीतल्या पोरांना अंगणात गोळा करतो. एकाला आडवं झोपवतो, फळी आणतो. मान धरायला बाळकाकाच पुढे होतात. त्यांचे हात थरथरतात, पण डोकं जागचं हलत नाही.